चौथं कुलूप

"हात सोडा माझा."

"सोडतो. अजून अकरा मिनिटं."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस थट्टा करत होता, की खरंच असा होता? स्टोअरच्या मागच्या नळाखाली तिचा उजवा हात धरून तो उभा होता. दुसऱ्या हातात साबणाची वडी. अंगठ्याच्या मुळाशी चार दात उमटले होते, पाणी आधी लाल आणि मग गुलाबी होऊन वाहत होतं, आणि हा पठ्ठ्या मनगटावरच्या घड्याळावर नजर लावून उभा.

"कुत्रं चावलं की आधी पंधरा मिनिटं साबण आणि वाहतं पाणी," तो म्हणाला. "मग दवाखाना. रडायचं ते त्यानंतर."

"मी रडत नाहीये."

"तुम्ही नाही. मी माझ्याबद्दल बोलतोय."

आणि खरंच, त्याचा चेहरा तिच्यापेक्षा पांढरा पडला होता. तिला हसू आलं... हात ठणकत असताना हसू यावं याचा तिला रागही आला. दाराआड कुत्रं बसलं होतं, तपकिरी, एक कान मुडपलेलं. आपण काय करून बसलो ते त्याला कळलं असावं, कारण ते भिंतीकडे तोंड करून बसलं होतं.

"अजून नऊ," तो म्हणाला. पकड मात्र इतकी हलकी होती की तिने मनात आणलं असतं तर हात केव्हाच काढून घेता आला असता. तिने मनात आणलं नाही, एवढं आपण ध्यानात ठेवू.

आता ही मुलगी कोण ते सांगायला हवं. शाळांना, कचेऱ्यांना पृथ्वीचे गोल पुरवणारा तो कारखाना. पुठ्ठ्याचा पोकळ गोल, त्यावर पांढरा लेप, लेपावर नकाशाच्या बारा उभ्या पट्ट्या. पट्ट्या पुष्कळजणी चिकटवायच्या. पण वर टोकाला बाराही पट्ट्या एकत्र येतात, तिथे केसाएवढी फट राहिली तरी अख्खी पृथ्वी फाटकी दिसते. दांडीच्या भोकावर कागदाची गोल टोपी बसवून, ओल्या अंगठ्याने एकदाच, एकाच दाबात ती फिरवायची, ही कला कारखान्यात फक्त हिच्या हातात होती. म्हणून तिला सगळे ध्रुवा म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं. आपल्या अंगठ्याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

त्या दिवशी टोप्या संपल्या. स्टोअरमधून माल आणणाऱ्या हातगाडीची वाट बघत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून पाच वर्षांत पहिल्यांदा ती अंगण ओलांडून स्वतः स्टोअरमध्ये गेली. टोप्यांचा डबा उचलायला ती वाकली, तेवढ्यात वरची फळी निसटली आणि चार खोकी खाली झोपलेल्या कुत्र्याच्या अंगावर आली. कुत्रं कळवळून उठलं आणि जे समोर होतं ते त्याने धरलं. समोर नेमका तो अंगठा होता.

आणि तो? स्टोअरकीपर. कारखान्यात त्याला नगसाहेब म्हणत, कारण जेवायला बसला तरी पोळ्या नगांवर मोजेल असा माणूस. तीन वर्षं स्टोअर त्याच्याकडे होतं, आणि तीन वर्षांत एका खिळ्याचाही फरक निघाला नव्हता. त्याचाही त्याला अभिमान होता. थोडक्यात काय, दोघंही सारखीच ताठ.

दवाखान्यात डॉक्टरांनी जखमेत औषध भरलं, दंडात सुई दिली आणि कागदावर तारखा लिहिल्या. आज, तिसरा दिवस, सातवा, चौदावा, अठ्ठाविसावा. तीन आठवडे हाताला ताण द्यायचा नाही.

"कुत्रं कुणाचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्याकडे असतं," तो म्हणाला.

"दहा दिवस नजर ठेवा. खातंय का, पितंय का, वागणं बदललंय का. काही वेगळं दिसलं तर लगेच कळवायचं."

"रोज कळवीन," तो म्हणाला.

डॉक्टरांच्या मनात दवाखान्याला कळवणं असावं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ध्रुवाच्या दारात चिठ्ठी आली. स्टोअरच्या छापील पावतीवर, रेघा मारून.

दिवस पहिला. पाणी: दोन वाट्या. भाकरी: एक नग, पूर्ण. शेपूट: हलते. पश्चात्ताप: दिसतो.

तिने ती दोनदा वाचली. मग घरातली मावशी बघत नाही असं पाहून तिसऱ्यांदा वाचली.

तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यात पोहोचली तेव्हा तो आधीच बाकावर बसलेला. हातात तिचा नंबर.

"तुम्ही कशाला आलात? सुई मला घ्यायचीय."

"घ्यायची तुम्हाला. मोजायची मला. पाच नग सुया, एकही चुकता कामा नये."

"आणि मी म्हटलं, मला सोबत नको?"

"मग मी त्या पलीकडच्या बाकावर बसेन." तो खरंच उठून पलीकडे जाऊन बसला. तिकडून म्हणाला, "इथून चालेल?"

सगळे पेशंट बघायला लागले. ती ओठ चावून खिडकीबाहेर बघत राहिली... आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "या इकडे. तमाशा नको."

तो आला. भुश्याबद्दल बोलत बसला. लाकडाच्या भुशाच्या पोत्यात सापडलेलं पिल्लू, म्हणून भुश्या. उंदीर खळीची पोती फाडायचे, ते याने बंद केलं. बोलताना तो तिच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघायचा आणि लगेच नजर काढायचा. सुई टोचताना तिने डोळे मिटले, आणि कसं कोण जाणे, डावा हात त्याच्या बाहीवर गेला. उघडल्यावर तिने तो काढून घेतला.

पाचव्या दिवशी मॅनेजरांनी तिला बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. कारखान्यात पाच वर्षांत तिला कुणी चहा विचारला नव्हता, तेव्हाच तिला शंका आली.

"तुमच्या भल्यासाठीच आहे," असं म्हणत त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "सही केलीत की विषय संपला. तुमची जागा तुमचीच."

कागदावर चार ओळी होत्या. स्टोअरकीपरने परवानगीशिवाय आवारात खासगी कुत्रा पाळला. कामगाराने त्याची छेड काढली. त्यातून इजा झाली. कारखान्याचा यात संबंध नाही.

"मी छेड काढली?"

"तशी भाषा असते कागदाची. मनावर घ्यायचं नसतं."

"आणि त्यांचं काय होईल?"

"त्याचं काय व्हायचं ते होईल. तुम्ही तुमचं बघा. दवाखान्यातून कळलंय म्हणून दोन आठवड्यांनी कामगार कचेरीतून बाई येणार आहेत चौकशीला, त्याच्या आत द्या."

तिने कागद घडी करून पिशवीत टाकला. चहा तसाच ठेवला.

तिची मावशी कोर्टात तीस वर्षं कारकून होती. लग्न केलं नाही, पण हजारो भांडणं जवळून पाहिली, असं ती स्वतःच सांगायची. तिने चष्मा लावून कागद वाचला आणि नाक मुरडलं.

"बस इथे. कुत्रं कामावर चावलं की माणसाला काय काय करता येतं ते नीट ऐक. एक, कारखान्याकडे मागायचं. तू कामासाठी गेली होतीस, कामावर इजा झाली, तर औषधपाणी, सुट्टीतला पगार, हात अधू राहिला तर त्याची भरपाई, हे त्यांनी द्यायचं. त्यासाठी आधी अपघाताच्या वहीत नोंद हवी. ती झालीय का?"

"नाही."

"म्हणूनच चहा पाजत होते. दोन, ज्याचं कुत्रं त्याच्यावर दावा. तीन, पोलिसात तक्रार, निष्काळजीपणाची. आणि चार, गप्प बसायचं. बहुतेक लोक चौथं करतात, आणि मग जन्मभर हात चोळतात."

"कुठलं करू?"

"सगळं एका प्रश्नावर येऊन अडतं. कुत्रं कुणाचं? कारखान्याचं असेल तर कारखाना पकडायचा. त्या पोराचं असेल तर तो एकटा सापडतो आणि कारखाना हात झटकून मोकळा." मावशीने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तोच ना हा, रोज चिठ्ठ्या पाठवणारा?"

"भुश्याच्या तब्येतीच्या चिठ्ठ्या आहेत त्या."

"हो का," मावशी म्हणाली, "मग काल ती 'आज ऊन आहे, हात झाकून ठेवा' ही कुठल्या कुत्र्याची तब्येत?"

ध्रुवा उठून पाणी प्यायला गेली. तहान लागली नव्हती.

सातव्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या तिने कागद त्याच्या हातात दिला. त्याने वाचला, दोनदा, शब्द मोजत असल्यासारखा.

"सही करा," तो म्हणाला.

"काय?"

"करून टाका. तुमची जागा राहील. कुत्र्याला भाकरी मी घालतो, बोलावलं की ते माझ्याकडे येतं. मग ते माझंच नाही का?"

"मी तुम्हाला नीट विचारते. कारखान्याने ठेवलंय की तुम्ही?"

त्याने कागदाची घडी नीट केली आणि तिला परत दिली. तेवढ्यात सुईचा नंबर पुकारला गेला.

"छेड काढली असं लिहिलंय त्यात," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "माझ्या हाताने केलेल्या एका गोलात आजवर फट निघालेली नाही. आणि मी माझ्याच हाताने खोट्या कागदावर सही करू? तुम्हाला वाचवायला म्हणून नाही म्हणत. उगाच गैरसमज नको. खोटं आहे म्हणून नाही म्हणते."

"तुमच्या हाताचं नुकसान माझ्यामुळे..."

"माझ्या हाताची दया करायला मी कुणाला सांगितलेलं नाही," ती म्हणाली, आणि एकटीच आत गेली. त्या दिवशी सुई जरा जास्तच दुखली.

चिठ्ठ्या येत राहिल्या, कारण शब्द दिला होता. पण कोरड्या. दिवस आठवा, प्रकृती ठीक. दिवस नववा, प्रकृती ठीक. दहाव्या दिवशीची तिने दारात उभ्यानेच वाचली.

दिवस दहावा. प्रकृती उत्तम. नजर ठेवण्याची मुदत संपली. यापुढे चिठ्ठी येणार नाही.

कुत्रं धडधाकट आहे म्हणजे आपल्या जिवाचा धोका टळला, हे वाचून माणसाचा जीव भांड्यात पडायला हवा. तिचा पडला नाही. तिने दहाही चिठ्ठ्या एकावर एक ठेवल्या, गुंडाळी केली, दोरा बांधला. दोरा डाव्या हाताने बांधायला फार वेळ लागला. अकराव्या दिवशी ती सकाळपासून तीनदा दार उघडून बघून आली.

चौदाव्या दिवशी पावसाची भुरभुर होती. दवाखान्याच्या पायऱ्यांवर छत्री मिटता मिटता तिने पाहिलं, तो पलीकडच्या बाकावर बसला होता. न विचारता, लांबच्या.

ती सरळ त्याच्याजवळ जाऊन बसली. माणसाने किती वेळ ताठ राहायचं?

"भुश्या कसा आहे?"

"खातो नीट. दाराकडे बघत बसतो." तो थांबला. "तुम्हाला एक सांगायचंय. सांगितलं की तुम्ही हसाल."

"हसले तर हसले."

"मॅनेजरांनीच कुत्रं ठेवायला सांगितलं. म्हणाले, ठेव, पण कागदावर आण. आमच्याकडे नियम आहे, कागदावर नाही ती वस्तू आवारात नको. आता स्टॉकच्या रजिस्टरात कुत्र्याला रकाना कुठून आणायचा? मी रात्रभर विचार केला. स्टोअरला तीन कुलपं आहेत. याचं काम काय, राखण. मग मी कुलपांच्या गटात..." तो अडखळला. "चौथं कुलूप म्हणून लिहिलं."

तिने हसू दाबण्यासाठी डोळे मोठे केले, ओठ मिटले, छत्रीकडे पाहिलं. उपयोग झाला नाही.

"म्हटलं होतं ना," तो म्हणाला, पण तोही हसत होता. मग हसू विरलं. "दर वर्षी मोजदाद होते, खाली मॅनेजरांची सही असते. तीन सह्या आहेत. पण ती नोंद खोटी आहे, कळतंय ना? सजीव प्राण्याला कुलूप लिहिलं मी. तीन वर्षांत एका खिळ्याचा फरक नाही अशी माझी ओळख आहे. ते रजिस्टर कचेरीच्या बाईंसमोर उघडलं की उद्यापासून मी कोण? कुत्र्याला कुलूप म्हणणारा. खोटी नोंद करणाऱ्याला कुठलं स्टोअर दारात उभं करेल?"

सगळ्या प्रश्नांचं उत्तर तिच्या समोर बसलं होतं. कुत्रं कारखान्याचं होतं, कागदावर होतं, सहीनिशी. नुसतं 'दाखवा' म्हणायचं होतं.

"हे मला का सांगितलंत?" तिने विचारलं.

"कारण तुम्ही नीट विचारलं होतं. आणि मी तोंडातून शब्द काढला नाही, ते मला सात दिवस खातंय."

तिने छत्रीवरचं पाणी झटकलं. "मी तुम्हाला रजिस्टर दाखवायला सांगणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही विश्वासाने सांगितलंत. मी खरं तेवढं बोलेन, कुत्रं कारखान्याचं. पुरावा मागितला तर नाही म्हणेन."

"मग तुम्ही हरणार."

"हरेन. पण माझी मी हरेन."

त्याने तिच्याकडे पाहिलं... असं, की तिने छत्री उगाच उघडली आणि पुन्हा मिटली.

घरी मावशीने कपाळाला हात लावला. "अगं वेडाबाई, त्या बाईंना नुसतं सांग, रजिस्टर मागवा. दोन ओळींचा अर्ज. मी लिहून देते."

"नको."

"तुझा अंगठा जातोय, जागा जातेय, वर चुकीचा ठपका बसतोय, आणि नको?"

"त्याचंही नाव जातंय त्यात. ते द्यायचं की नाही हे त्याने ठरवायचं, मी ओढून घ्यायचं नाही."

मावशीने ताट मांडलं. मग म्हणाली, "तीस वर्षांत अशी पक्षकार पाहिली नाही. जेवायला बस."

चौकशीच्या दिवशी मॅनेजरांच्या खोलीत सहा खुर्च्या मांडल्या होत्या. कामगार कचेरीतल्या बाई लहानखुऱ्या, जाड काचांचा चष्मा, हातात नुसती पेन्सिल. शेजारी मॅनेजर. दाराशी मावशी पर्स मांडीवर घेऊन. तो कोपऱ्यात, रिकाम्या हातांनी. त्याचे रिकामे हात ध्रुवाने पाहिले, पण मान तिने खाली घातली नाही.

तिने सगळं सांगितलं. टोप्या संपल्या, स्टोअरमध्ये गेले, फळी पडली, कुत्रं घाबरलं. छेड काढली नाही. कुत्रं कारखान्याचं.

"पुरावा आहे?" बाईंनी विचारलं.

"माझ्याकडे नाही," ती म्हणाली.

मॅनेजरांनी घसा साफ केला. "बाई, भावनेच्या भरात बोलतात. कुत्रं याचं खासगी आहे, विचारा त्यालाच."

बाईंनी पेन्सिल कोपऱ्याकडे वळवली. "कुत्रं तुमचं?"

तो उभा राहिला. खोलीत सगळ्यांना वाटलं तो हो म्हणणार. ध्रुवालाही वाटलं.

"नाही," तो म्हणाला. "स्टॉकमध्ये आहे."

तो बाहेर गेला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून एक जाडजूड रजिस्टर घेऊन आला. बाहेरच्या बाकावर ठेवलं होतं. आत आणायचं की नाही ते शेवटपर्यंत ठरलं नसावं. पान त्याला शोधावं लागलं नाही.

"गट, कुलपं," तो वाचू लागला. आवाज आधी घोगरा आला, मग मोकळा झाला. "नग एक, पितळी, पुढचं दार. नग दोन, लोखंडी, मागचं दार. नग तीन, लोखंडी, खिडकी. नग चार..." तो थांबला. ध्रुवाकडे पाहिलं. "नग चार, तपकिरी, पाय चार, कान एक मुडपलेला. किल्ली नाही. मॅनेजरसाहेबांच्या तोंडी सूचनेवरून दाखल. खाली वार्षिक मोजदादीच्या तीन सह्या."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि ओळ स्वतः वाचली. त्यांचे खांदे हलत होते.

"मी वाचलं नव्हतं," मॅनेजर म्हणाले.

"सही वाचूनच करतात, असं आमच्या कचेरीत धरून चालतात," बाई म्हणाल्या.

"बाई, एक सांगायचंय," तो म्हणाला. आता तो ताठ उभा होता. "ही नोंद चुकीची आहे. सजीवाला वेगळा रकाना मागायला हवा होता, मी लाजेने मागितला नाही. ही माझी चूक, माझ्या नावावर लिहा. पण चूक माझी, सही यांची, आणि कुत्रं कारखान्याचं. ज्या फळीमुळे हे झालं ती दुरुस्त करा म्हणून मी तीनदा लिहून दिलंय. त्या प्रती पाठीमागे टाचल्यात. आणि या बाईंनी छेड काढली नाही. मी चार हातांवर उभा होतो."

खोलीत मावशीच्या पर्सची कडी वाजली तेवढीच. ती रुमाल शोधत होती.

ध्रुवाने खूप माणसं पाहिली होती जी बरोबर असताना मान वर करून बोलतात. आपली चूक अशी ताठ मानेने सांगणारा माणूस ती पहिल्यांदाच बघत होती. तिला त्याचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि या वेळी तिने ते लपवले नाहीत.

अपघाताच्या वहीत त्याच दिवशी नोंद झाली. बाईंनी समोर बसून लिहून घेतली: कामावर असताना, कामगाराचा कोणताही दोष नसताना. उपचार आणि सुट्टी कारखान्याकडे. स्टोअरकीपरला नोंदीबद्दल एक लेखी समज. जाताना बाई त्याला म्हणाल्या, "असलेली वस्तू कागदावरून गायब झालेली मी रोज बघते. कागदावर जास्तीची सापडलेली पहिल्यांदाच पाहिली. नोकरी सोडू नका."

कारखान्यात हसायचे ते हसलेच. आठवडाभर जो तो विचारायचा, "नगसाहेब, कुलूप जेवलं का?" तोही उत्तर द्यायचा, "जेवलं. दोन नग." त्याच्या हिशोबावर मात्र कुणी बोट ठेवलं नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी पाचवी सुई झाली. दवाखान्याबाहेर पायऱ्यांवर दोघं उभी राहिली. आता पुढची तारीख नव्हती.

"संपलं," तो म्हणाला. "पाचही नग पूर्ण."

"हो."

"म्हणजे आता दवाखान्यात यायचं कारण नाही."

"नाही," ती म्हणाली, आणि कामावर निघून गेली. तो बिचारा पायरीवरच राहिला.

दुपारी हातगाडीवरून तयार गोल स्टोअरमध्ये आले. आठ नग. त्याची पद्धत ठरलेली, प्रत्येक गोल कानाशी धरून हलवायचा. आत पुठ्ठ्याचा तुकडा सुटला असेल तर आवाज येतो, आणि आवाज करणारा गोल नापास. सात मुके निघाले. आठवा हलवला आणि तो थबकला. आत काहीतरी सळसळलं.

त्याने गोल उजेडात धरला. वरची टोपी एका दाबात बसवलेली, कुठे केसाएवढी फट नाही. असा ध्रुव कारखान्यात एकच अंगठा बंद करू शकत होता. म्हणजे तो अंगठा कामावर परतला होता. तो गोल तसाच धरून किती वेळ उभा राहिला, ते त्याला घड्याळात बघायचं सुचलं नाही.

"नापास का?" दारातून आवाज आला.

ध्रुवा चौकटीला टेकून उभी होती. अंगठ्यावर खळ वाळलेली, खाली चार फिकट वण. भुश्या उठला, दबकत तिच्याजवळ गेला आणि थोडं अंतर ठेवून बसला. तिने वाकून त्याच हाताने त्याचा मुडपलेला कान सरळ केला.

"आवाज येतोय," तो म्हणाला. "नियमाने फोडून बघावा लागेल."

"फोडायची गरज नाही. आत काय आहे ते तुम्हाला पाठ आहे. तुम्हीच लिहिलंय, दहा दिवस."

त्याने गोल पुन्हा हलवला, हलकेच, कानाशी नेऊन. "चिठ्ठ्या... टाकून नाही दिल्या?"

"दांडीच्या भोकातून आत सोडल्या आणि वरून बंद केलं. मी बंद केलेलं उघडत नाही. दहा तुमच्या आहेत." ती थांबली. गाल तापले होते, पण मान ताठच होती. "आणि अकरावी माझी."

"अकराव्या दिवशी तर कुणी काही लिहिलं नव्हतं."

"तुम्ही नव्हतं लिहिलं. म्हणून मी लिहिली."

बाहेर हातगाडीची चाकं वाजत गेली. त्याने गोल टेबलावर ठेवला, दोन्ही हातांनी, एखादं झोपलेलं मूल ठेवावं तसा.

"काय लिहिलंय त्यात?"

"ते कळायला एकतर गोल फोडावा लागेल... नाहीतर मला विचारावं लागेल. नीट."

"विचारतो," तो म्हणाला. आवाज पुन्हा रजिस्टर वाचतानासारखा घोगरा आला, आणि या वेळी मोकळा व्हायला जरा जास्त वेळ लागला. "नीट विचारतो. ध्रुवा, अकराव्या चिठ्ठीत काय आहे?"

"दिवस अकरावा," ती म्हणाली. शब्द तिला तोंडपाठ होते. "भूक: नाही. झोप: नाही. दाराकडे बघत बसते. कुत्र्याची प्रकृती उत्तम, माझी मात्र ठीक नाही. यापुढे माझ्यावर नजर ठेवावी. मुदत: जन्मभर." तिने श्वास घेतला. "ठेवशील?"

'ठेवाल' नाही, 'ठेवशील' म्हणाली. ते त्याने ऐकलं, आणि कायमचं जपून ठेवलं.

तो पुढे आला. तिचा उजवा हात त्याने हातात घेतला, तसाच, नळाखाली घेतला होता तितक्याच हलक्या पकडीने. अंगठ्याच्या मुळाशी चार वण होते, त्यांवर त्याने ओठ टेकवले.

"हात सोड," ती पुटपुटली. "कुणी येईल."

"सोडतो," तो म्हणाला.

घड्याळाकडे मात्र त्याने पाहिलं नाही.